कात्री कुणाच्या हातात देऊ?

चुणीदार

नमस्कार. बरेच दिवस इथे नुसती वाचत असते, आज स्वतःचंच गाऱ्हाणं घेऊन आले आहे. लांबलंय, आधीच सांगते.

माझं पडदे शिवायचं काम आहे. पडदे, सोफ्याची कव्हरं, उशांचे अभ्रे. एका मशीनवर सुरू केलं तेव्हा मुलगी पोटात होती. आता ती सहा वर्षांची आहे, मुलगा चौदा महिन्यांचा. ओव्हरलॉक धरून पाच मशीन झालीत, चौघीजणी कामाला येतात आणि आणखी दोघी पीसवर काम घरी नेतात.

शिलाई कुणालाही शिकवता येते. कापणं मात्र माझ्याकडे. पडद्यात नुकसान व्हायचं ते शिलाईत होत नाही, कापण्यात होतं. चुण्या किती दाट हव्यात त्यावर रॉडच्या रुंदीच्या दुप्पट ते अडीचपट कापड लागतं. पन्हा ५४ इंचांचा असेल तर किती पट्टे जोडायचे, फुलांचं डिझाइन दर पंचवीस इंचांनी परत येत असेल तर प्रत्येक पट्ट्यामागे किती कापड वाया जाणार, खाली दुमड किती सोडायची, हे सगळं माझ्या डोक्यात. शिवलेलं उसवता येतं, कापलेलं 'उकापता' येत नाही.

गेल्या महिन्यात चोवीस पडद्यांची ऑर्डर होती, गडद हिरवी मखमल. नेमकं कापायच्या दिवशी पहाटे मुलाला ताप भरला. नवरा रात्रपाळीला. शेवटी आमच्यातली सगळ्यात जुनी बाई कापायला उभी राहिली आणि मी फोनवरून मापं सांगत गेले. मापं तिने बिनचूक घेतली, सुतभरही फरक नाही. पण मखमलीला लव असते. एका दिशेने हात फिरवला की गुळगुळीत लागते, उलट फिरवला की हाताला अडते. दोन पट्टे दोन दिशांनी कापले आणि उजेडात शेजारी टांगले, की एकाच थानातले असून दोन वेगळ्या रंगांचे दिसतात. कापड वाचावं म्हणून तिने पट्टे उलटसुलट लावले. अभ्र्यांच्या साध्या कापडाला आम्ही तसंच लावतो, मीच शिकवलंय. अकरा पडदे वाया गेले.

तिची चूक नाही हो. 'लव बघ' हे मी तिला कधी सांगितलंच नव्हतं. त्यात सांगण्यासारखं काही आहे असंच मला वाटलं नव्हतं. कापड पसरलं की तळहात आपोआप फिरतो.

मुलाच्या कपाळावर पट्ट्या ठेवत, खांद्याने फोन दाबून धरून मी हे सगळं ऐकत होते, तेवढ्यात मुलगी शाळेतून आली. म्हणाली, "आई, तू आत्ता घरी आहेस की कामावर?" टोमणा नव्हता. तिला खरंच माहिती हवी होती, दप्तर कुठे ठेवायचं आणि आवाज किती करायचा त्यासाठी.

आता तिसरी गोष्ट. आमचा व्यवसाय करणाऱ्या बायकांचा गट आहे, सतराजणींचा. सुरुवातीला ओव्हरलॉक घ्यायची ऐपत नव्हती तेव्हा गटातल्या एकीने तिचं आठ महिने वापरायला दिलं, भाडं न घेता. मुलीच्या वेळी मी नवव्या महिन्यातच आडवी झाले, तेव्हा माझी अर्धवट ऑर्डर दोघींनी रात्री बसून पुरी केली. आता गटाचं म्हणणं असं, की मी सचिव व्हावं आणि दर शनिवारी नव्या मुलींना शिवण शिकवावं. नाही म्हणायला जीभ रेटत नाही. हो म्हणायला माझ्याकडे शनिवार नाही.

त्यात एक वाक्य रोज कुठून ना कुठून कानावर येतं: "तुझं काय, तुझं स्वतःचंच आहे." म्हणजे शाळेच्या कार्यक्रमाला पडदा मी लावायचा, नातेवाइकांच्या दवाखान्याच्या फेऱ्यांना सोबत मी जायचं. नोकरी करणाऱ्या जावेला कुणी असं म्हणत नाही, तिला रजा काढावी लागते ना.

तुमच्यापैकी कुणी असलं काही दुसऱ्याच्या हाती सोपवलं आहे का? काय आधी सोडलंत? 'होतं गं सगळं नीट' नको. 'पहाटे चारला उठत जा' तर नकोच. चारला मी उठलेलीच असते, मुलगा उठवतो.

खट्याळ मांजर

मखमलीचं वाचून हळहळले. पण एवढ्या मोठ्या धाग्यात नवरा एकदाच आला, आणि तोही रात्रपाळीला गेलेला. बाकी वेळ कुठे असतो?

हिशेबनीस

मी छोट्या धंद्यांच्या वह्या लिहितो. आमच्याकडच्या बऱ्याच मालक बायका आहेत, आणि त्यांच्या वहीत एक ओळ हमखास नसते: त्यांचा स्वतःचा पगार.

ताई, एक साधा प्रश्न. पडद्याचा दर सांगताना कापणावळ धरता का? बहुतेक नाही. 'ते तर मीच करते.' मग उद्या कापणारी ठेवायची म्हटली की तिचा पगार कुठून काढायचा हे कळत नाही, 'परवडत नाही' असा निष्कर्ष निघतो आणि कात्री तुमच्याकडेच राहते. ज्याला तुम्ही आज नफा समजता, त्यातला मोठा भाग तुमचा न घेतलेला पगार आहे. आधी तो दरात घाला. दोन गिऱ्हाइकं कुरकुरतील. कुरकुरू द्या.

दुसरं, तीन आठवडे तास लिहा. वहीत चार रकाने: धंदा, मुलं, घर, लोक. मोबाइलवर नको, कागदावर. फार प्रामाणिक व्हायची गरज नाही, अर्ध्या तासाचा अंदाज पुरे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१८ मध्ये अहवाल काढला होता. जगभरात घरातली माणसं सांभाळायचं जे बिनपगारी काम होतं, त्यातले ७६.२ टक्के तास बायकांचे, पुरुषांच्या तिपटीहून जास्त. आमच्या एका गिऱ्हाइकाला हा आकडा दाखवला तर त्या हसून म्हणाल्या, "आमच्या घरात मग कुणीतरी सरासरी बिघडवतंय."

तिसरं जरा टोचेल. त्याच संघटनेचा मातृत्व संरक्षणाचा करार आहे, क्रमांक १८३, सन २०००. किमान १४ आठवडे रजा. पण ती नोकरी करणाऱ्या स्त्रीला. जी स्वतःच मालकीण, तिला रजा देणारं वर कुणी नाही, हे तुम्ही भोगलंच आहे. मात्र तुमच्याकडे चौघी कामाला आहेत. त्यांना देणाऱ्या तुम्ही. त्यांच्या मुलांना ताप येतो तेव्हा काय होतं? धाग्यात कुठे दिसलं नाही.

चुणीदार

मांजरताई, टोला बसला. तो वाईट नाही. मुलीला शाळेत सोडतो, आंघोळी घालतो, पाळी नसेल तर रात्री मुलाला घेतो. पण करतो ते विचारून. डायपर कुठेत? कुठला शर्ट? औषध किती? रोज तेच औषध, तेवढंच. परवा त्याने मुलाला झोपवायला घेतलं. मुलगा रडत होता, तो शांतपणे फेऱ्या मारत होता. मी पाच मिनिटं ऐकलं आणि आत जाऊन मुलाला काढून घेतलं, कारण तो खांद्यावर 'चुकीच्या' बाजूला धरत होता. हे टाइप करताना लक्षात येतंय, की कात्री तिथेही मीच धरून बसले आहे.

हिशेबनीस, कापणावळ धरत नाही. बरोबर ओळखलंत.

आणि चौघींच्या मुलांचं... दोघींची मुलं लहान आहेत. ताप आला की त्या येत नाहीत आणि त्या दिवसाचे पैसे मिळत नाहीत. मी ह्याकडे असं कधी पाहिलंच नव्हतं. आज रात्री झोप लागणार नाही, धन्यवाद.

रोखठोक

गट सोडा. कृतज्ञतेलाही मुदत असते. आठ महिन्यांच्या ओव्हरलॉकसाठी आयुष्यभर शनिवार द्यायचे नसतात.

छापखानावाली

रोखठोक, तुमचं अर्धं पटलं. उरलेल्या अर्ध्याबद्दल कुणी माझ्याहून जाणती बोलेल. मी चुणीदारच्या मुलीच्या प्रश्नाबद्दल लिहिते.

माझा छोटा छापखाना होता, पत्रिका आणि बिलबुकं छापायचो. मुलं लहान असताना एक खोली पुढे, एक मागे. गिऱ्हाइकाचा फोन आला आणि मागून रडणं ऐकू गेलं की मी रेडिओ मोठा करायचे. वाटायचं, बाळ आहे हे कळलं तर माणूस म्हणेल, ही काय वेळेत देणार.

पुष्कळ वर्षांनी स्टेफनी शर्लीबद्दल ऐकलं. ब्रिटनमधली बाई. १९६२ मध्ये घरातल्या जेवणाच्या टेबलावर सॉफ्टवेअर कंपनी काढली, फ्रीलान्स प्रोग्रामर्स नावाची. मूल झालं म्हणून नोकरी सुटलेल्या शिकलेल्या बायकांना ती काम द्यायची, आणि त्या आपापल्या घरी बसून प्रोग्राम लिहायच्या. पहिल्या तीनशे जणांत पुरुष फक्त तीन. काँकॉर्ड विमानाच्या ब्लॅक बॉक्सचं प्रोग्रामिंगही ह्या घरी बसलेल्या बायकांनी केलं. कामासाठी पाठवलेल्या पत्रांना उत्तरं येईनात, तेव्हा नवऱ्याच्या सल्ल्याने ती 'स्टीव्ह' अशी सही करायला लागली, आणि उत्तरं यायला लागली. आणि फोनवर बाळाचा आवाज जाऊ नये म्हणून ती मागे टाइपरायटरच्या खडखडाटाची टेप लावायची. म्हणजे तिची टेप आणि माझा रेडिओ! हसू आलं आणि मग जरा वेळ काही सुचलं नाही.

पण ती गोष्ट टेपपाशी संपत नाही. गिऱ्हाइकापासून तिने मूल लपवलं असेल, कंपनीत मात्र लपवलं नाही. कामाला येणाऱ्या प्रत्येकीच्या घरी लहान मूल आहे हे धरूनच कामाची आखणी. दोघींनी मिळून एक जागा सांभाळायची, वेळ आपली आपण ठरवायची. पुढे तिने कंपनीतला चौथा हिस्सा कर्मचाऱ्यांच्या हाती दिला. गंमत म्हणजे १९७५ मध्ये तिकडे स्त्री-पुरुष भेदभावाविरुद्ध कायदा आला आणि तिला पुरुषांनाही घेणं भाग पडलं. आणि हे सगळं आरामात चाललं असं मुळीच नाही. तिचा एकुलता एक मुलगा स्वमग्न होता आणि त्याला सांभाळणं फार जड होतं.

माझ्याकडून सांगायचं तर, मोठा मुलगा चौथीत असताना मी दारावर पाटी लावली. सकाळी दहा ते दुपारी दोन, संध्याकाळी पाच ते आठ. मधल्या वेळेत दार वाजलं तरी उघडायचं नाही. पहिल्या आठवड्यात दोन ओळखीचे रुसले. पण घरात फरक पडला. दोन वाजले की मुलं विचारायचीच नाहीत, आई कुठे आहे. पाटीवर लिहिलेलंच होतं.

पाचमहिनी

धागा पळवतेय, माफ करा. माझी मुलगी पाच महिन्यांची आहे, मी पुन्हा शिकवण्या सुरू केल्यात, सलग पाच तास बाहेर असते. काढून ठेवलेलं दूध बाहेर किती वेळ चालतं? घरात तीन मोठी माणसं आणि तिघांची तीन उत्तरं.

गोळीबंद

पाचमहिनी, मी फार्मासिस्ट आहे. ताजं काढलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास, फ्रिजमध्ये चार दिवस. खोली त्याहून गरम असेल तर बाहेर ठेवूच नका. फ्रिजच्या दारात नको, आत मागच्या बाजूला ठेवा, दारातलं तापमान सारखं बदलत राहतं. डब्यावर तारीख आणि वेळ लिहा. गोठवलेलं फ्रिजमध्ये पूर्ण वितळलं की २४ तासांत संपवायचं, पुन्हा गोठवायचं नाही. बाळ कमी दिवसांचं किंवा आजारी असेल तर डॉक्टरांना विचारून.

आता चुणीदार. तुमचा अकरा पडद्यांचा किस्सा वाचताना मला माझाच धंदा आठवला. क्लॉडिया गोल्डिन ह्यांना २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. लॉरेन्स कॅट्झ ह्यांच्यासोबत त्यांनी अमेरिकेतल्या फार्मासिस्टांचा अभ्यास केला आहे. तिथे ह्या पेशात बायका आणि पुरुष ह्यांच्या तासाच्या कमाईत फार थोडा फरक उरलाय, आणि कमी तास काम करणारीला तासाचा दरही कमी पडतो असं जवळजवळ नाही. कारण काय, तर औषधं कारखान्यातून एकसारखी येतात आणि रोग्याची माहिती संगणकावर असते. सकाळची फार्मासिस्ट गेली आणि दुपारची आली तरी समोरच्या माणसाचं काही अडत नाही. एकीच्या जागी दुसरी उभी राहू शकते. वकिलीत किंवा मोठ्या कंपन्यांत गिऱ्हाइकाला तोच माणूस हवा असतो, तिथे मात्र जास्त तास थांबणाऱ्याला पैसे भलतेच जास्त मिळतात आणि आया मागे पडतात.

म्हणजे तुमचं दुखणं 'आईपण आणि धंदा' एवढंच नाही. तुमच्या जागी उभी राहणारी कुणी नाही, हे खरं दुखणं. मखमलीची लव हे तुमच्याकडचं औषध आहे आणि त्याची नोंद कुठल्याच संगणकावर नाही.

आता ह्यातला काटाही सांगते, कारण हा अभ्यास सांगताना लोक तो गाळतात. तिथे फार्मासिस्टांची ही सोय होत गेली त्याच काळात स्वतःचं दुकान असलेले कमी होत गेले आणि पगारी नोकर वाढले. सोय नोकराची झाली. मालक हा तिथेही शेवटचा दिवा विझवणारा माणूस. मी दुकानाची मालक आहे, मला माहीत आहे. माझ्या धंद्यात तर कायद्यानेच समोर फार्मासिस्ट लागतो. मी दुसरी फार्मासिस्ट ठेवली तेव्हा सहा महिने माझ्या हातात जवळजवळ काही उरत नव्हतं. मुलाच्या शाळेतल्या धावण्याच्या शर्यतीला मात्र पहिल्यांदा गेले. तो पाचवा आला. सहा जण होते.

मागची बाकी

रोखठोक ह्यांना उत्तर. मी अशाच एका गटाची चार वर्षं सचिव होते, आता सोडलंय.

गटाला सगळ्यात जड जातं ते काय सांगू? 'नाही' म्हणणारी नव्हे. 'हो' म्हणून न येणारी. तिच्यासाठी खुर्ची ठेवावी लागते, तिला फोन करावे लागतात, तिच्या कामाची वाट बघत दुसरीचं अडतं. चुणीदार, तू स्वच्छ 'सचिव होणार नाही' म्हटलंस तर दोघी-तिघी नाराज होतील आणि पुढच्या बैठकीपर्यंत विसरतील. तू गुळमुळीत 'बघते' म्हटलंस तर वर्षभर कुढशील, आणि त्याही.

दुसरं, शिवण शिकवणाऱ्या गटात अजून चारजणी असतील. कापणं शिकवणारी तू एकटीच असशील. त्यांनी शनिवार मागितला कारण मागायला तोच शब्द त्यांना सुचला. तुला कापणारी तयार करायची आहे, त्यांना शिकवायचं आहे. मग तुझ्याच टेबलावर, तुझ्या कामाच्या वेळेत, तुझं खरं कापड कापताना दोघींना उभं कर. तुझ्या जुन्या बाईलाही त्यात घे. शनिवार शिल्लक.

मात्र ह्या मुलींकडून फुकट काम करून घेऊ नकोस. बघायला आल्या तर बघू देत, कात्री हातात दिली की पीसचे पैसे. गटातली निम्मी भांडणं इथून सुरू होतात, मी डोळ्यांनी पाहिलंय.

रोखठोक

हे मान्य. माझं वाक्य मागे घेत नाही, पण मान्य.

चुणीदार (सात आठवड्यांनी)

धागा वर काढतेय. काय झालं ते सांगते, सगळं गोड नाही.

तास लिहिले. कापायला आठवड्याला वीस तास जातात हे अपेक्षित होतं. नऊ तास फोनवर दर सांगण्यात जातात हे नव्हतं! 'अमुक बाय तमुक खिडकी, किती होतील?' त्यातले निम्मे लोक परत फोनच करत नाहीत. आता दराचा कागद करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवते, आणि त्यात कापणावळ धरली आहे. एक जुनं गिऱ्हाईक गेलं. मोठं होतं. हिशेबनीस म्हणतात तसं नुसतं कुरकुरून थांबलं नाही, गेलंच. वाईट वाटलं आणि अजून वाटतंय.

मग कार्डं लिहायला घेतली. प्रत्येक कापडाचं एक पुठ्ठ्याचं कार्ड, टेबलाशेजारी खिळ्याला अडकवायचं. मखमलीच्या एका कार्डाला तीन संध्याकाळी लागल्या. मला काय येतं हे मलाच धड सांगता येईना. शेवटी मुलीला शेजारी बसवलं आणि म्हटलं, मी काय काय करते ते बघून सांग. ती म्हणाली, "तू आधी मांजराला कुरवाळतेस तसं करतेस. मग उलटं करतेस. मग तोंड वाकडं करतेस." तेच लिहिलं, तोंड वगळून. थान पसरल्यावर आधी हात फिरवायचा, गुळगुळीत लागते ती दिशा ठरवायची, आणि कात्री उचलण्याआधी कापडाच्या उलट्या बाजूला दर हातभर अंतरावर खडूने बाण काढायचे. सगळे बाण एकीकडे. जुन्या बाईने कार्ड वाचून विचारलं, "जोडाच्या पट्ट्याला पण?" हो, त्यालाही. मी लिहायचं विसरले होते.

मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी गटातल्या दोघी येतात. एकीचा हात चांगला आहे. दुसरीने मोठ्या फुलांचं डिझाइन जुळवताना दोन मीटर कापड घालवलं आणि रडली. मी ओरडले नाही, पण चेहरा लपत नाही माझा. ती पुढच्या गुरुवारी आली नाही, त्याच्या पुढच्या मंगळवारी आली.

सचिवपदाला नाही म्हटलं. स्वच्छ. ज्यांनी ओव्हरलॉक दिलं होतं त्याच ताई माझ्याशी तीन आठवडे जेवढ्यास तेवढं बोलत होत्या. मागची बाकी म्हणते तसं पुढच्या बैठकीत विसरल्या नाहीत, पण त्यांनीच मुलगी पाठवली आहे शिकायला, ती चांगल्या हाताची.

चौघींना मुलांच्या आजारपणासाठी वर्षाचे पाच दिवस भरपगारी ठरवले. पाच थोडे आहेत हे मला कळतं. सध्या एवढेच जमतात. एकीने विचारलं, "सासूच्या आजारपणाला चालतील का?" ह्याचं उत्तर मी अजून दिलेलं नाही.

नवरा दिवसपाळीला असला की बुधवार आणि शुक्रवारच्या रात्री मुलगा त्याचा. पहिल्या बुधवारी मी जिन्यात जाऊन बसले, वीस मिनिटं रडणं ऐकत. मग ते थांबलं. वर गेले तर दोघंही झोपलेले, मुलगा त्याच 'चुकीच्या' खांद्यावर. डायपर कुठेत हे तो अजून विचारतो.

छापखानावाली ताई, पाटी लावली. मुलीने रंगवली. 'आई कामावर' एका बाजूला, 'आई घरी' दुसऱ्या बाजूला, दोरीने उलटायची. ती उलटायला मीच विसरते आणि मग ती ओरडते.

परवा मुलाला पुन्हा ताप आला. टेबलावर मखमलच होती, मरून रंगाची, सोळा पडदे. मी फोन केला नाही. अकराच्या सुमाराला जुन्या बाईचाच आला. "बाण काढलेत. सगळे खाली आहेत. कापू?"

म्हटलं, "हात फिरवून बघितलास ना?"

"बघितला. पण तुमच्या तोंडून एकदा 'काप' ऐकायचं होतं."

"काप," म्हटलं.

उद्या टांगायला जायचंय, मग कळेल. आणि ताई, तो रेडिओ नंतर कधी बंद केलात ते सांगायचं राहिलंय तुमचं.